‘काहीही आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांबद्दल बोललो. आपल्याला जे ज्ञान झालं असं वाटतं ते खरं आहे हे कशावरून म्हणायचं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर इथल्याच, माटुंग्यातल्या, एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, “सर, ते प्रत्यक्ष-अनुमान ठीक आहे. पण माझ्या घरच्या संगणकात अँटिव्हायरस आहे आणि तो रोज सांगतो, ‘काहीही आढळले नाही’. हे खरं कशावरून मानायचं?” शेजारी उभे असलेले दोघे-तिघे हसले. आम्ही मात्र हसलो नाही, कारण प्रश्न नेमका होता आणि मागच्या व्याख्यानात न आलेल्या भागातला होता. तेव्हा आजचं बोलणं त्या प्रश्नावरच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं? संगणकाचे जाणकार इथून हाकेच्या अंतरावर, व्हीजेटीआयमध्ये, ढिगाने सापडतील. खरं आहे. पण संगणक दुरुस्त करणं वेगळं आणि ‘काही नाही’ या विधानाची परीक्षा करणं वेगळं. या दुसऱ्या कामात आपल्याकडच्या दार्शनिकांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कमालीची बारकाई दाखवलेली आहे.

त्यांचं नेहमीचं उदाहरण घड्याचं. समोर जमीन आहे, तिच्यावर घडा नाही. ‘इथे घडा नाही’ हे आपल्याला कसं कळलं? डोळ्यांना दिसते ती जमीन. ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसणार? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागेल, आणि त्याला त्यांनी नाव दिलं अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नव्हतं. अभावही प्रत्यक्षानेच कळतो असं ते म्हणत. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्या कामाची अट अशी, की नुसतं न आढळणं पुरत नाही. ती वस्तू तिथे असती तर ती मला नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अशा न आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही.

सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘न्यायबिंदू’त हीच अट घातली. त्या परंपरेत पिशाचाचं उदाहरण येतं. पिशाच दिसलं नाही म्हणून ते नाही असं म्हणता येत नाही, कारण अदृश्य असणं हाच त्याचा स्वभाव मानलेला आहे. आता संगणकातला व्हायरस घडा की पिशाच, याचं उत्तर तुम्हीच द्या. लपणं हाच त्याचा धंदा.

गिरणगावातली जुनी मंडळी इथे असतील तर त्यांना हे वेगळ्या तऱ्हेने पटेल. गिरणीचा भोंगा रोज ठरल्या वेळी व्हायचा. ज्या दिवशी तो वाजला नाही, त्या दिवशी सगळ्या चाळीला कळायचं की काहीतरी घडलंय. तिथे शांततेला अर्थ होता, कारण आवाज अपेक्षित होता. आणि आता आपल्या किंग्ज सर्कलकडे, गांधी मार्केटकडे बघा. दर पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं, म्हणून उपसा करायला पंप लावतात. मे महिन्यात तो पंप गप्प आहे. पाणी नाही म्हणून गप्प, की मोटर जळाली म्हणून गप्प? बाहेरून बघून कोणालाही सांगता येणार नाही. दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. एकच उपाय असतो, पाऊस यायच्या आधी पंप एकदा चालवून बघणे.

अँटिव्हायरसची शांतता या पंपासारखी आहे, भोंग्यासारखी नाही. सगळी अडचण इथेच आहे.

आता हा पहारेकरी करतो काय, ते थोडक्यात बघू. त्याच्या मुख्य रीती दोन. पहिली ओळख पटवण्याची. पोलिस चौकीत सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याकडे माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते. प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून बघतो. दुसरी रीत वागणुकीवर नजर ठेवण्याची. चेहरा अनोळखी असला, तरी हा कार्यक्रम एकाएकी शेकडो फाइली कुलूपबंद करायला लागला, म्हणजे काहीतरी गडबड आहे. पहिल्या रीतीला यादी ताजी लागते. दुसरीला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज कधी चुकतो, कधी साळसूद माणसालाही धरतो.

यादीचं काम किती चिकाटीचं असतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे स्वतःचं दुकान काढलं. १९९० च्या दशकात लोक संगणक दुरुस्तीला आणायचे आणि पुष्कळदा बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा निघायचा. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. आम्हाला या गोष्टीतलं यश तेवढं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे, की उतारा आधी रोगी बघून तयार झाला. ओळखीची यादी नेहमी चोरीच्या मागून येते. म्हणून ती जुनी झाली की पहारेकरी जागा असूनही निरुपयोगी.

आता घरी जाऊन काय बघायचं ते सांगतो. बहुतेक घरांत विंडोज आहे, म्हणून त्याचंच बोलू. स्टार्ट दाबून ‘विंडोज सिक्युरिटी’ असं टाइप करा. ढालीचं चित्र दिसेल, आत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’. तिथे पहिल्यांदा हे बघा, की पहारा नेमका कोणाचा आहे. तुम्ही विकतचा अँटिव्हायरस घातला असेल, तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर सहसा बाजूला होतो आणि विकतच्याचं नाव तिथे दिसतं. दोन अँटिव्हायरस एकदम ठेवू नका. ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि संगणक रडकुंडीला येतो. मग बघा ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे का. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, यादी शेवटची कधी ताजी झाली ती तारीख. डिफेंडरची यादी दिवसातून अनेकदा बदलते. तिथे चार महिन्यांपूर्वीची तारीख दिसली, तर बाकीचं सगळं हिरवं असून काही उपयोग नाही.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या संगणकावर हेच होतं. कोपऱ्यात चिन्ह होतं, चिन्हावर टिचकी मारली की कंपनीचं नाव झळकत होतं. वर्गणी मात्र संपून वर्ष उलटून गेलं होतं. वर्गणी संपल्याचा निरोप रोज यायचा आणि हे गृहस्थ रोज तो फुलीवर टिचकी मारून घालवायचे, कारण त्यांना ती जाहिरात वाटायची. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. खऱ्या निरोपाची आणि जाहिरातीची भाषा इतकी सारखी करून ठेवली आहे की भल्याभल्यांना फरक कळू नये. या संगणकात त्यांचं तीस वर्षांचं लेखन होतं आणि पेन्शनच्या बँकेचा व्यवहारही त्यावरूनच चालायचा.

आणखी एक जागा बघून ठेवा, ‘एक्सक्लुजन्स’. म्हणजे अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही त्याची यादी. कधीतरी कोणीतरी, बहुधा फुकटातलं सॉफ्टवेअर बसवताना, ‘हा अडवतोय’ म्हणून एखादा फोल्डर, कधी तर अख्खी सी ड्राइव्ह, त्या यादीत टाकून ठेवतो. मग ‘काहीही आढळले नाही’ हे अक्षरशः खरं असतं! न बघितलेल्या खोलीत काही आढळत नाहीच. तिथे काही दिसलं आणि ते का आहे हे घरात कोणाला सांगता आलं नाही, तर काढून टाका. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ नावाचं बटणही चालू ठेवा. बाहेरच्या कार्यक्रमाने पहारेकऱ्याला परस्पर झोपवू नये यासाठी ते आहे.

पण मित्रहो, इथपर्यंत आपण जे केलं ते पहारेकऱ्यालाच विचारणं झालं. ‘तू जागा आहेस का?’ ‘हो.’ ‘तुझी यादी ताजी आहे का?’ ‘हो.’ मीमांसक म्हणत, ज्ञानाचं प्रामाण्य त्या ज्ञानातच असतं, स्वतः. बाधक काही आढळेपर्यंत ते मानायचं. नैयायिक म्हणत, नाही, प्रामाण्य परतः, बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, ते पाणी की मृगजळ? जा, ओंजळीत घे, तहान भागली तर पाणी. थोडी ओढाताण करून म्हणतो, पडद्यावरची हिरवी खूण हे स्वतःप्रामाण्य झालं. आपल्याला ओंजळीत पाणी घ्यायचं आहे.

ते घ्यायचं कसं? खरा व्हायरस आणून सोडायचा? अजिबात नाही. कुलूप तपासायला कोणी चोराला बोलावत नाही. सुदैवाने यावर फार सुंदर तोड निघालेली आहे. युरोपात आयकार नावाची संस्था आहे, अँटिव्हायरस संशोधनाची. तिच्या नावाने एक चाचणीची फाइल ठरलेली आहे. ती म्हणजे ६८ अक्षरांची एक ओळ. त्यात काही चिन्हं, काही आकडे, आणि मधोमध सरळ इंग्रजीत लिहिलेलं, की ही अँटिव्हायरसची प्रमाणित चाचणी फाइल आहे. ती व्हायरस नाही. ती पसरत नाही, काही पुसत नाही. जुन्या डॉसमध्ये चालवली तर ते वाक्य पडद्यावर छापते आणि थांबते. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तर ती चालतही नाही. पण अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवून घेतलं आहे, की ही ओळ दिसली की व्हायरस दिसल्यासारखीच आरोळी द्यायची.

यात कल्पकता काय आहे बघा. नाटकाच्या तालमीत खोटी तलवार वापरतात, पण तलवार आली की नटाने मागे सरायचं ते खरंच सरायचं. इथे धोका खोटा आणि प्रतिक्रिया खरी. आणि त्यामुळे आपल्याला जी अट हवी होती ती मिळते. ‘असता तर दिसला असता’ हे आता निदान एका वस्तूपुरतं तरी आपण करून बघू शकतो.

कृती सोपी आहे. आयकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ही फाइल आणि ती ओळ दोन्ही मिळतात. तिथूनच घ्या, भलत्या ठिकाणाहून नको. फाइल उतरवायला गेलात तर काही वेळा ब्राउझरच अडवतो. ते चांगलंच, पण त्यातून ब्राउझर जागा आहे एवढंच कळतं, अँटिव्हायरसचं नाही. म्हणून आम्ही दुसरी रीत सुचवतो. ती ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा, फाइलच्या अगदी सुरुवातीला, आधी मोकळी जागा किंवा दुसरं अक्षर नको, आणि कुठल्याही नावाने जतन करा. हाताने टाइप करणार असाल तर एक खुबी आहे, तिसरं अक्षर शून्य नसून इंग्रजी ओ आहे. मोठा ओ.

जतन केल्याबरोबर, किंवा फाइल पुन्हा उघडायला गेलात की, कोपऱ्यात सूचना यायला हवी आणि फाइल नाहीशी व्हायला किंवा कुलूपबंद व्हायला हवी. ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त तिची नोंदही दिसेल, आयकारच्या नावासकट. त्यावर ‘गंभीर’ असा शिक्का बघून घाबरू नका. बिचारा आपलं काम करतोय. काहीच झालं नाही, तर त्या फाइलवर उजवी टिचकी मारून तेवढीच तपासून बघा. तेव्हा पकडली, तर अर्थ असा की मागितल्यावर बघतो पण आपणहून पहारा देत नाही, म्हणजे रिअल-टाइमचं बटण बंद. तेव्हाही पकडली नाही, तर आधी ओळ बरोबर चिकटली का ते पाहा; ती बरोबर असेल तर तुमच्याकडे अँटिव्हायरस नाही, अँटिव्हायरसचं चित्र आहे.

कार्यालयाच्या संगणकावर मात्र हा उद्योग परस्पर करू नका. तिथे सूचना तुमच्या पडद्यावर येऊन थांबत नाही, संगणक विभागात घंटा वाजते.

आता या चाचणीने काय सिद्ध झालं? इथे सावध राहायला हवं, नाहीतर एक आंधळा विश्वास टाकून दुसरा घेतल्यासारखं होईल. सिद्ध एवढंच झालं, की पहारेकरी जागा आहे, त्याचे डोळे उघडे आहेत आणि दिसल्यावर तो ओरडतो. तो हुशार आहे हे सिद्ध झालं नाही. ६८ अक्षरांची ही ओळ सगळ्यांनाच पाठ आहे. ती ओळखणं म्हणजे परीक्षेत आपलं नाव बरोबर लिहिणं. मार्क त्याचे मिळत नाहीत, पण तेवढंही न जमणारा पुढे काय लिहिणार?

पूर्ण हुशार पहारेकरी तर मुळात शक्यच नाही, आणि हे कोणा कंपनीच्या आळसामुळे नाही, तर्कामुळे आहे. अमेरिकेत फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात हे दाखवून दिलं. समजा, असा एक परीक्षक आहे जो कुठलाही कार्यक्रम बघून ‘हा व्हायरस आहे’ किंवा ‘नाही’ हे कधीही न चुकता सांगतो. आता मी एक वात्रट कार्यक्रम लिहितो. तो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ परीक्षक ‘हो’ म्हणाला, तर हा निमूट बसतो, काही करत नाही. परीक्षक ‘नाही’ म्हणाला, तर हा पसरायला लागतो. म्हणजे परीक्षक काहीही म्हणाला तरी तो खोटा पडतो. तेव्हा असा परीक्षक असूच शकत नाही. ‘मी बोलतोय ते खोटं आहे’ म्हणणाऱ्या माणसाचा जुना पेच तुम्हाला आठवला असेल. तो इथे संगणकाचे कपडे घालून आला आहे. म्हणून ‘शंभर टक्के संरक्षण’ असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं, तर ते विक्रेत्याचं वाक्य समजा.

आणि पहारेकऱ्यालाच कोणी फितवलं तर? तेही घडतं. मुंबईतल्याच ईस्कॅन या अँटिव्हायरसबद्दल एप्रिल २०२४ मध्ये अव्हास्टच्या संशोधकांनी अहवाल प्रसिद्ध केला. ईस्कॅनच्या ताज्या याद्या ज्या वाटेने यायच्या ती वाट नीट बंदिस्त नव्हती. हल्लेखोर मध्येच गाठोडं बदलून आपलं गाठोडं पाठवत होते. ही फट अहवालाच्या आधीच, २०२३ च्या जुलैअखेर बुजवली गेली होती. म्हणजे यादी ताजी करणं हे जे आपण मघाशी सगळ्यात महत्त्वाचं म्हटलं, तिच्याच वाटेने रोग आला. याचा अर्थ यादी ताजी करू नका असा नव्हे. दूषित पाण्याची एक बातमी आली म्हणून कोणी पाणी प्यायचं सोडत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण तर खास आपल्या विषयाचं आहे. ११ आणि १३ ऑगस्टला सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे मागितले की खात्यात आहेत का, हे विचारणारा निरोप बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जायला हवा. हल्लेखोरांनी मध्ये एक नकली यंत्रणा उभी केली, जी मुख्य यंत्रणेला न विचारता परस्पर ‘ठीक आहे, द्या’ म्हणत होती. विचारणा होत होती, उत्तरं येत होती, सगळं सुरळीत दिसत होतं. फक्त उत्तर देणारा वेगळा होता.

घरच्या संगणकावर असा संशय आला तर काय करायचं? डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि नेहमीचं विंडोज उठायच्या आत तपासणी होते. पंधराएक मिनिटं लागतात. लपणारा जागा व्हायच्या आधी खोली बघायची. शिवाय दुसऱ्या वैद्याचं मतही घ्यावं. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथे तपासणीची मोफत साधनं मिळतात. दुसरा वैद्य एकदा तपासून जाणारा असावा, कायम मुक्कामाला नको.

मघाशी चिठ्ठीतून एका भगिनींनी विचारलंय, “विंडोज १० आहे, अँटिव्हायरस ताजा आहे, हिरवी खूण आहे, मग काळजी नाही ना?” काळजी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. डिफेंडरची यादी त्यावर पुढेही येत राहते, म्हणून खूण हिरवीच दिसते. पण मुदतवाढीची नोंदणी केली नसेल, तर विंडोजमध्ये सापडणारी नवी भोकं बुजवली जात नाहीत. पहारेकरी दाराशी आहे आणि मागची भिंत पडायला आली आहे. दोन्ही तारखा वेगळ्या बघाव्या लागतात, अँटिव्हायरसची वेगळी, विंडोजची वेगळी.

दुसरी चिठ्ठी आहे, ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन येतात त्यावर अँटिव्हायरस चालतो का. नाही चालत. तिथे फाइल नसते, व्हायरस नसतो. तुम्ही स्वतः, आपल्या हाताने, आपल्या पासवर्डने पैसे पाठवता. संगणकाच्या दृष्टीने तो अगदी निर्दोष व्यवहार असतो. फोन ठेवून द्या, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर कळवा. ब्राउझरमध्ये एकदम ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, या क्रमांकावर फोन करा’ असं येतं, त्याचंही तसंच. वेबपानाला तुमच्या संगणकाच्या पोटातलं दिसत नाही, आणि खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही.

शेवटची चिठ्ठी, चाचणी किती वेळा करावी. वर्षातून दोन-तीनदा पुरे. नवा अँटिव्हायरस घातला की एकदा, वर्गणी भरली की एकदा. चाचणी झाल्यावर ‘हिस्ट्री’त जाऊन ती फाइल ‘रिमूव्ह’ करा. काही जण पेनड्राइव्हवरही करून बघतात. जरूर करा, पेनड्राइव्हवर पहारा आहे का ते कळतं. फक्त नंतर ती फाइल पेनड्राइव्हवरून पुसली गेली आहे ना, हे बघून घ्या. नाहीतर तोच पेनड्राइव्ह घेऊन नातू कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचा, आणि दहा माणसं रांगेत उभी असताना दुकानदाराच्या पडद्यावर लाल पाटी यायची.